कागदावरची ड्रायव्हर

गाडी आमच्या दारात आली त्या दिवसापासून मी जळत होते, हे आधीच सांगून टाकते. उगाच सोवळेपणाचा आव कशाला आणायचा? भाऊ माझ्याहून तीन वर्षांनी लहान, नुकताच अठरा पूर्ण झालेला, कॉलेजात नावापुरता जाणारा, आणि बाबांनी गाडीची चावी सरळ त्याच्या हातात ठेवली. लायसन माझ्याकडेही होतं. चांगलं दोन वर्षं जुनं. माझा मामा बदलापूरला मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा. बारावीच्या सुट्टीत मी त्याच्याकडे राहायला गेले तेव्हा त्याने मला गाडी शिकवली, कल्याणच्या आरटीओत उभं केलं आणि मी पहिल्या फटक्यात पास झाले. बाबांना लायसन दाखवलं तर म्हणाले, छान, जपून ठेव. आणि माझ्या मार्कशीटच्या फाईलमध्ये लावून टाकलं. भावाचं लायसन आलं त्या दिवशी मात्र घरात पेढे आले. दोन पेढे मीपण खाल्ले, आणि दोन्ही मला कडू लागले.

आम्ही अंबरनाथ पूर्वेला, पालेगावच्या रस्त्याला राहायचो. बाबा कारखान्यात टर्नर. मशीनवर काम करताना त्यांच्या उजव्या डोळ्यात लोखंडाचा कीस उडाला, तेव्हापासून त्या डोळ्याला अंधुक दिसायचं. स्वतः गाडी चालवण्याचा प्रश्नच नव्हता. पण आपल्या दारात आपली गाडी उभी राहिली पाहिजे, हे त्यांच्या डोक्यात माझ्या लहानपणापासून बसलेलं. डोळ्याची भरपाई मिळाली तशी त्यांनी उल्हासनगर कॅम्प एकमधल्या एका सिंधी कापडवाल्याची जुनी पांढरी गाडी घेतली. शेठने चावी देताना बोनेटवर नारळ फोडायला काढला, तर बाबांनी हात जोडून नको म्हटलं. घरी आणल्यावर गाडीसमोर मेणबत्ती आणि अगरबत्ती लावली, आम्हाला रांगेत उभं केलं आणि त्रिसरण-पंचशील म्हणायला लावलं. अख्खी चाळ बघत होती. वंदना संपल्या संपल्या भाऊ दार उघडून ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला. मी मागे बसले आणि त्याच्या मानेकडे बघत राहिले.

मावशीच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. चामटोलीला. सगळे नातेवाईक तिथे येणार, आणि आमची गाडी पहिल्यांदा चारचौघांत जाणार. ती गाडी कोण चालवत नेणार, एवढंच माझ्या डोक्यात रात्रंदिवस घोळत होतं. घरात मात्र कुणाला तो प्रश्नच पडला नव्हता. भाऊ चालवणार, त्यात विचारायचं काय? त्याने फॅशनचा गॉगलसुद्धा आणून ठेवला होता. बाबांची अट एकच. इन्शुरन्स होईपर्यंत गाडी गल्लीच्या बाहेर न्यायची नाही.

आता हा इन्शुरन्स शोधायला कोण फिरलं असेल? मी. बाबांना बारीक अक्षर दिसायचं नाही आणि इंग्रजी फॉर्म भरायचा म्हणजे मीच. भाऊ घरी बोनेट पुसत बसायचा, आणि मी टी.वाय.ची लेक्चरं बुडवून बाबांबरोबर त्याच्यासाठी दारोदार. आम्ही आधी कॅम्प एकला त्या शेठकडेच गेलो. तो कापडाच्या ताग्यांच्या ढिगातून मान वर न काढता म्हणाला, साईं, थर्ड पार्टी करा लो, पुलिसवाला बस इतना ही देखता है. थर्ड पार्टी म्हणजे आपण दुसऱ्याला ठोकलं तर त्याचं भरून मिळणार, आपल्या गाडीचं काही नाही. बाबांना ते पटेना. त्यांना फुल इन्शुरन्स हवा होता. का, तर भावाने गाडी कुठेतरी ठोकलीच तर निदान पत्रा तरी सरळ करून मिळेल. म्हणजे बघा. हा ठोकणार, हे त्यांनाही पक्कं माहीत होतं. तरी चावी त्यालाच.

मग बदलापूरला स्टेशनजवळ झेरॉक्सच्या दुकानात बसणारा एक एजंट गाठला. त्याने गाडीचं साल विचारलं, पोराचं वय विचारलं आणि असा काही आकडा सांगितला की बाबा त्याच्या टेबलावरचं पाणी पिऊन उठले. आणखी एक-दोघांकडे गेलो. जो तो हेच म्हणायचा, गाडी जुनी आणि पोरगा कोवळा, कंपनीचे साहेब लोक फुल द्यायला कां-कूं करतात. वयाचा आणि हप्त्याचा खरंच तेवढा संबंध होता की एजंट लोकांनी उठवलेली आवई होती, देव जाणे. मी मात्र मनातल्या मनात खूश होत होते. नाहीच मिळाला इन्शुरन्स तर बरं, राहू दे गाडी दारात, होऊ दे गॉगलला धूळ. रिक्षातून परत येताना बाबा उदास आणि मी बाहेर बघत गाणं गुणगुणत, असं चाललेलं.

शेवटी आमच्या विहारातलेच एक काका निघाले. ते कुठल्याशा ऑफिसात नोकरी सांभाळून इन्शुरन्सची एजन्सी करायचे. रविवारी वंदनेनंतर बाबांनी त्यांना घरी चहाला आणलं. काकांनी फॉर्म काढला, पेनचं टोपण काढलं आणि विचारलं, गाडी कोण चालवणार?

मुलगा, बाबा म्हणाले.

लायसन कधीचं? भावाने छाती काढून सांगितलं. काकांनी पेनला टोपण परत लावलं. असं लिहून मी साहेबांपुढे ठेवलं तर ते थर्ड पार्टीवर बोळवण करतील, म्हणाले. घरात दुसऱ्या कुणाचं जुनं लायसन आहे का?

मी दारात उभी होते, मुद्दाम तोंड उघडलं नाही. म्हटलं, बघू या, माझी आठवण कुणाला होते का. बाबा विचार करत होते. खरंच विचार करत होते. आपल्या भावकीत कुणी आहे का, असं स्वतःशीच पुटपुटले. तेवढ्यात आई चहाचा ट्रे घेऊन आतून आली आणि म्हणाली, "हिचं आहे की."

काकांचा चेहरा खुलला. वा, मग झालंच तर, म्हणाले. ताईचं नाव ड्रायव्हर म्हणून लावू, दोन वर्षांचं लायसन, काम फत्ते. आणि बाबांकडे वळून हळूच, "नाव नुसतं लावायचं हो. चालवू दे पोरालाच."

सगळे हसले. भावाने मला थँक्यू ताई म्हणून डोळा मारला. मी मार्कशीटची फाईल आणून लायसन टेबलावर आपटलं. काकांना वाटलं, मी लाजले. लाजतेय कसली, अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. नाव माझं, लायसन माझं, काकांनी पुढे सरकवलेल्या फॉर्मवरचं अक्षरसुद्धा माझं, आणि बुड टेकणार ह्याचं.

पॉलिसी आली तसा भावाला चेव चढला. रोज संध्याकाळी मित्रांना भरून पालेगावच्या बाजूला फेरी मारायचा, हॉर्न वाजवत परत यायचा. मी गॅलरीत कपडे वाळत घालायला जायचे ते मुद्दाम त्याच वेळी. बघवत नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. पहिल्याच आठवड्यात त्याने कुणाच्या तरी कुंपणाला गाडी इतकी घासून आणली की मला वाटलं पत्रा गेला. गेला नव्हता. मला वाईट वाटलं, ते पत्रा वाचल्याचं.

बाबा मात्र त्या दिवसांत गप्प गप्प असायचे. आधी वाटलं डोळा दुखतोय. मग एका रविवारी विहारात मी त्यांच्या शेजारीच बसले होते, तेव्हा लक्षात आलं. पंचशील म्हणताना बाबांचा आवाज नेहमी सगळ्यांच्या वर असतो. चौथ्या शीलाला, खोटं बोलण्यापासून दूर राहीन असं जे शील आहे, तिथे बाबांचा आवाजच नाही. ओठ मिटलेले. पाचव्याला पुन्हा सुरू. पुढच्या रविवारीही तसंच. आमच्या बाबांनी आयुष्यात कधी आजारपणाची खोटी रजा टाकली नाही. इन्शुरन्सच्या खोट्या कागदावर सही करून ते मोकळे झाले होते, आणि ते त्यांना आतून कुरतडत होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी आई पांढरी साडी नेसून मागे बसली. भाऊ गॉगल लावून पुढे, गाडी चालू करून तयार. मी आईशेजारी बसणार, तेवढ्यात बाबा ड्रायव्हरच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"उतर," भावाला म्हणाले. "कागदावर ताईचं नाव आहे."

भाऊ आधी हसला. मग चिडला. काकांनीच सांगितलं होतं ना, सगळे असंच करतात, पोलीस काय पॉलिसी वाचत बसतो का, सगळं बोलून झालं. बाबांचा आवाज चढला नाही. एवढंच म्हणाले, "मला रविवारी वंदनेला बसायचंय."

भाऊ उतरला. मी बसले. स्टिअरिंग त्याच्या हाताने गरम झालेलं होतं. मामाने शिकवलेलं सगळं आपोआप आठवत गेलं. बदलापूर सोडून कर्जतच्या रस्त्याला लागले तेव्हा तर मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसले. भाऊ शेजारी बसून क्लच सोड, ब्रेक मार, अशी टकळी चालवत होता. चामटोलीला मांडवासमोर गाडी थांबवली तर बायका जेवणाच्या पंगतीतून उठून बघायला आल्या. मावशीने माझा गालगुच्चा घेतला. आणि हा पठ्ठ्या काय सांगत फिरावा? आज माझं अंग दुखतंय, म्हणून ताईला दिली चालवायला. लोकांनी त्याची तब्येत विचारली. मी जिलेबी खात ऐकत होते. म्हटलं, बोल बाबा, काय बोलायचं ते. चावी माझ्या पर्समध्ये होती.

त्या दिवसापासून गाडी मीच चालवली. बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, आईला कॅम्पात खरेदीला नेलं, आजारी काकूला दवाखान्यातून घरी आणलं. बाबा शेजारी बसायचे. रस्त्यावर कुणी ओळखीचं दिसलं की काच खाली करून हात करायचे. माझ्या चालवण्याबद्दल चांगलं-वाईट कधी बोलले नाहीत. पण रविवारी चौथ्या शीलाला त्यांचा आवाज पुन्हा सगळ्यांच्या वर लागायला लागला. मला वाटायचं, तो माझ्यामुळे लागतोय. मला वाटायचं, बाबांना आता कळलं. भाऊ तोंड पाडून बसायचा आणि मला त्याची जरासुद्धा दया यायची नाही. इतकी वर्षं मी जळले होते, आता तू जळ.

वर्ष झालं. काका पॉलिसी नवी करायला घरी आले. कागद चाळून खूश झाले. वर्षभर एक ओरखडा नाही, एक क्लेम नाही, म्हणजे बोनस मिळतोय, हप्ता चांगलाच कमी होणार, म्हणाले. मी दारात उभी होते. खरं सांगते, माझी छाती फुगली होती.

बाबांनी विचारलं, "मग आता ह्यात मुलाचं नाव बसेल?"

काकांनी वर पाहिलं.

"त्याच्याही लायसनला आता वर्ष होऊन गेलं," बाबा म्हणाले. "बोनस मिळतोय म्हणजे साहेब काही म्हणणार नाहीत. कागदावर त्याचं नाव आलं की तो चालवेल. खोटं असं काही राहणार नाही."

म्हणजे हे होतं तर. त्याचा इन्शुरन्स स्वस्तात बसावा, म्हणून मी वर्षभर एक ओरखडा पडू दिला नव्हता. बाबांच्या मनात वाईट काही नव्हतं, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं. ते माझ्याकडे वळून प्रेमाने म्हणाले, "पोरी, वर्षभर तू कागद खरा ठेवलास. तुझे उपकार आहेत माझ्यावर."

उपकार. शेजाऱ्यापाजाऱ्याला म्हणतात तसे. भावाला पेढे आणि मला उपकार. काकांनी मान डोलावली आणि लिहायला घेतलं. ह्या वेळी फॉर्म भरायला मी बसले नाही, माझं डोकं दुखतंय म्हणाले. आई माझ्याकडे बघत राहिली.

नवी पॉलिसी आली त्या सकाळी मी चावी भावाच्या हातात दिली. तो गाडीत बसला, चालू केली, आणि तिथेच खडखड करत राहिला. गेल्या पावसाळ्यापासून गाडीचा रिव्हर्स अडकायला लागला होता. क्लच दोनदा दाबायचा, गिअर स्वतःकडे ओढून किंचित वर उचलायचा, मग पडतो. माझं मीच शोधून काढलेलं, मामालासुद्धा माहीत नाही. गाडी गल्लीत तोंड आत करून उभी होती, मागे घेतल्याशिवाय बाहेर निघणार नव्हती. बाबा नवा शर्ट घालून शेजारच्या सीटवर बसलेले. भावाने काचेतून डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, "ताई, हा रिव्हर्स कसा टाकायचा गं?"

मी म्हटलं, मला काय माहीत, मी तर कागदावरची. आणि आत जाऊन दार लावून घेतलं.