वाटीचा आवाज

मंडळी, खाप्याहून सासरे आमच्या मनीषनगरच्या फ्लॅटवर राहायला आले आणि आठवड्यात त्यांचं जेवण निम्म्यावर आलं. डॉक्टरांची वेळ घेतली.

आज दुपारी मी त्यांच्यासमोरच बसले. बाबांनी अंगठीने रिकामी वाटी दोनदा वाजवली, थोडं थांबले आणि हात धुवायला उठले.

"काहून उठले, बाबा?"

"वाटी वाजवली ना वं. तुझी सासू एवढ्यावर वरण घेऊन यायची."

आमच्या वाट्या मेलामाइनच्या. आवाज ओट्यापर्यंत पोचतच नाही.

संध्याकाळी स्टीलची वाटी काढली आणि मी मुद्दाम ओट्याशी थांबले. टण्ण. वरण वाढलं. थोड्या वेळाने पुन्हा टण्ण.

डॉक्टरांची वेळ रद्द केली.

तुमच्या घरी न बोलता कोण मागतं? तुम्हाला ऐकू येतं ना?