नाक धरून मारलेली उडी

“याच्या घरी कळवलं का कोणी?”

पडद्यावर एखादा गुंड मेला की गुरुजी हमखास हे विचारायचे. मग तो गच्चीवरून पडलेला असो, जीपखाली आलेला असो, नाहीतर हिरोच्या एका लाथेत टोमॅटोच्या हातगाडीवर आडवा झालेला असो. हिरो तोवर पुढच्या गुंडाकडे वळलेला असायचा, त्याच्याबरोबर मीही वळलेलो असायचो, आणि खाली सतरंजीवर मांडी घालून बसलेले गुरुजी मात्र मागे पडलेल्या माणसाची चौकशी करत असायचे. सोफ्यावर बसा म्हटलं तर म्हणायचे, असू द्या, मला जमिनीचीच सवय आहे.

इंदिरानगरात आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर ते राहायचे. घरात पत्नी आणि म्हातारी आई; मुलगा पुण्यात नोकरीला. पहाटे स्कूटर काढून गोदाघाटावर जायचे. बाहेरगावची माणसं आपल्या गेलेल्या माणसाचं दहावं करायला नाशकात येतात, त्यांचे विधी सांगणं हेच गुरुजींचं काम. रोज सकाळी रडणारी माणसं, मुंडण केलेली मुलं, पिंड, दर्भ आणि सगळ्यांची घाई. दुपारी घरी येऊन आंघोळ करायची, जेवायचं, जरा वेळाने हळूच जिना उतरून आमच्याकडे यायचं. तेवढ्यात कोणा यजमानाचा फोन आलाच तर वहिनी सांगायच्या, ते जपाला बसलेत.

मी बँकेतून निवृत्त झालेला, बायको शाळेत शिकवणारी, म्हणजे दुपार सगळी माझी. त्या वेळेला एका वाहिनीवर रोज मारधाडीचा सिनेमा लागतो. दक्षिणेतला, हिंदीत डब केलेला, नाहीतर इकडेच कोणीतरी चार पैशांत उरकलेला. तुम्ही म्हणाल, आम्ही असलं काही बघत नाही. चारचौघांत मीही तेच सांगतो. पण मग दरीत कोसळणारी मोटार वर नवी कोरी असते आणि खाली पोचेपर्यंत भंगारातला सांगाडा होते, हे तुम्हाला कसं माहीत? खलनायकाचं हेलिकॉप्टर नुसतं ऐकू येतं, दिसत कधीच नाही. दहा गुंड हिरोला घेरतात आणि रेशनच्या रांगेत उभे असल्यासारखे एकेक करून मार खायला पुढे येतात. मध्ये कोणी घुसत नाही. तेच रिकामे खोके, तीच रिकामी पिंपं आणि प्रत्येक सिनेमात तेच एक गोदाम. सुमार आहे हे कळतं, आणि उठवत नाही.

गुरुजींनाही उठवत नसे. हिरोने धावती जीप एका हाताने थांबवली की ते मांडीवर थाप मारायचे आणि लगेच दाराकडे बघायचे. घाटावरच्या माणसाला असलं शोभत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एकदा चांदवडचा एक कांद्याचा व्यापारी वडिलांच्या वर्षश्राद्धाची तिथी विचारायला आला आणि मजला चुकून थेट आमच्याच दारात उभा राहिला. पडद्यावर ऐन हाणामारी चाललेली. गुरुजींनी झटकन कीर्तन लावलं. व्यापाऱ्याने नमस्कार केला, तिथी विचारून घेतली, आणि जरा घुटमळून म्हणाला, “गुरुजी, ते मघाचंच लावा ना. मला बी शेवट पाहायचा हाय.” तिघांनी मिळून शेवट पाहिला. तो गेल्यावर गुरुजी म्हणाले, माणूस चांगला आहे.

मला वाटायचं, सकाळभर खरं मरण बघून आलेल्या माणसाला दुपारी खोटं मरण बघून बरं वाटत असेल. हा विचार आपल्याला सुचला याचं मला कौतुकही होतं. तो साफ चुकीचा निघाला.

त्या दुपारी हिरो पुलावर मशीनगन घेऊन उभा होता आणि गुंड पटापट कठड्यावरून नदीत पडत होते. गुरुजी हिरोत गर्क होते. मला एकदम हसू फुटलं. एका गुंडाला छातीत गोळी लागली, तो कठड्यावर चढला, आणि त्याने चक्क नाक धरून, गुडघे पोटाशी घेऊन उडी मारली. दिग्दर्शकाला ते दिसलं नाही, की दिसूनही पुन्हा काढायला पैसे नव्हते, देव जाणे. मी म्हटलं, गुरुजी, तो बघा, मरताना नाक धरलं गाढवाने.

“कुठला?” त्यांनी विचारलं. तोवर तो पाण्यात गेला होता.

त्यांचा चेहरा बघून मी टीव्हीचा आवाज बंद केला. त्यांनी मला मोबाइलवर तो सिनेमा शोधायला लावला. असले सिनेमे तिथे फुकट पडलेले असतात. सिनेमा मिळाला, पूलही मिळाला. गुरुजींनी फोन डोळ्यांजवळ धरला आणि ती उडी पुन्हा पुन्हा पाहिली. पिवळा शर्ट, दाढी, बाकी चेहरा धड दिसत नव्हता. मग फोन सतरंजीवर ठेवून ते म्हणाले, “माझा भाऊ आहे.”

मघाच्या गाढवाची आठवण होऊन मी जीभ चावली.

मग त्यांनी सांगितलं. हा त्यांचा धाकटा भाऊ. लहानपणी दोघे गोदावरीत पोहायचे. पंचवटीतली पोरं पुलावरून सरळ सूर मारायची आणि हा एकटा नाक धरून, गुडघे पोटाशी घेऊन धपकन पडायचा. सगळा घाट हसायचा. मोठा झाल्यावर घाटावर बसणार नाही म्हणून वडिलांशी भांडला आणि मुंबईला निघून गेला. सिनेमात मार खाणाऱ्यांच्या घोळक्यात काम करतो, असं कोणाकडून तरी कळलं. आधी फोन यायचे, पुढे थांबले. वडील गेले तेव्हा त्याला कळवायचं कुठे, हेच कोणाला माहीत नव्हतं. तेव्हापासून गुरुजी हे सिनेमे बघत होते, हिरोच्या मागची माणसं न्याहाळत.

“पण खोटं कशाला बोलू, साहेब,” ते म्हणाले. “बघता बघता मला गोडी लागली. शोधायला म्हणून बसायचो आणि विसरून जायचो. आज तो आला, तेव्हाही मी त्या हिरोकडे बघत होतो.”

त्यांचे डोळे भरून आले होते. मी म्हटलं, पण सापडला ना. सिनेमा खूप जुना होता, भाऊ घर सोडून गेला त्या सुमाराचा, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. तरी गुरुजी म्हणाले, “मेलेला माणूस नाक धरत नाही.”

त्याच आशेवर ते वर गेले आणि त्यांनी आईंना सांगितलं. आईंना दिसत नव्हतं, म्हणून ती उडी त्यांनी शब्दांतच सांगितली. आईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, सिनेमा कधीचा?

बारा वर्षं माणसाचा ठावठिकाणा लागला नाही, तर तो गेला असं धरून त्याचा दर्भाचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात आणि पुढचं सगळं यथासांग करतात. दुसऱ्यांच्या घरचे असे विधी गुरुजींनी केलेले होते. त्यांच्या स्वतःच्या घरी बारा वर्षं केव्हाच उलटली होती. आई मागे लागायच्या आणि गुरुजी मुहूर्ताचं कारण पुढे करायचे. मुहूर्त काढणारे तेच, त्यामुळे तो कधी निघत नसे. मी एकदा विचारलं, विधी केला आणि भाऊ परत आला तर? शास्त्रात त्याचीही सोय आहे म्हणाले. नव्याने जन्मला असं मानून बारशापासून सगळं पुन्हा करायचं. हे सांगताना ते हसले होते.

दिवाळीनंतर आईंनी अन्न सोडलं. मी भेटायला वर गेलो होतो, तेव्हा माझ्यासमोरच त्या गुरुजींना म्हणाल्या, “विधी झाला नाही, तर तिकडे गेल्यावरही तो मला भेटायचा नाही रे. आधी त्याला वाटेला लावून दे. मग मी जाते.”

गुरुजींनी मान डोलावली. आईंना ते दिसलं नाही, म्हणून मग तोंडाने हो म्हणाले.

दोन दिवसांनी दुपारी ते खाली आले. टीव्ही लावू का विचारलं, तर नको म्हणाले. सकाळी विधी करायला ते एकटेच घाटावर गेले होते. सोबत कोणी दुसरा पुरोहितही घेतला नव्हता. पुतळा बांधला, संकल्प केला. गोत्र म्हटलं, भावाचं नाव म्हटलं. त्याच्या पुढचा शब्द होता प्रेत.

“रोज म्हणतो मी तो शब्द,” गुरुजी म्हणाले. “कोणाकोणाच्या मुलांना म्हणायला लावतो. आज तोंडातून आला नाही.”

शेवटी त्यांनी पुतळ्याच्या गाठी सोडल्या, दर्भ गाईपुढे टाकला आणि घरी येऊन आईला सांगितलं, झालं सगळं नीट.

“आईने माझ्या तोंडावरून हात फिरवला,” ते म्हणाले.

त्याच आठवड्यात आई गेल्या, झोपेतच. वहिनींनी सगळ्यांना सांगितलं की धाकट्याचं कार्य झालं आणि सासूबाई सुटल्या. मुलालाही तेच सांगितलं. गुरुजींनी कोणाला काही म्हटलं नाही, पण दहाव्याची कामं सोडून दिली. सत्यनारायण, वास्तुशांत असली कामं तेवढी करायचे. उत्पन्न घटलं, वहिनी कुरकुरायच्या. दुपारी ते येतच राहिले, पण मांडीवर थाप बंद झाली. एकदा जाहिराती चालू असताना आपणहून म्हणाले, “आई तिकडे त्याला शोधतेय, मी इथे शोधतोय. दोघांपैकी एकाला तो भेटणार नाही. आणि तो तिथे आहे म्हणून सांगून तिला मीच पाठवलं.” मी म्हटलं, गुरुजी, तुम्ही तिचं मरण सोपं केलंत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडे वळले. माझं म्हणणं त्यांना पटलं नव्हतं.

गेल्या वर्षी त्यांना सकाळी स्कूटर काढतानाच हृदयविकाराचा झटका आला. दवाखान्यापर्यंत पोचेस्तोवर संपलं होतं. मला त्यांची फार आठवण येते. वयाच्या या टप्प्यावर नवा मित्र मिळत नाही, आणि ज्याच्याशेजारी बसून वाईट सिनेमा बघावा असा तर मिळतच नाही. दुपारी मी टीव्ही लावतो आणि बंद करतो.

यंदा पितृपक्षात त्यांचा मुलगा पुण्याहून आला. त्याला या सगळ्याची फारशी माहिती नव्हती, म्हणून काका, तुम्ही बरोबर चला म्हणाला. घाटावर मुंगीलाही जागा नव्हती. एका तरुण पुरोहिताने आम्हाला पायरीवर बसवलं. घरातल्या गेलेल्या सगळ्यांची नावं सांगा म्हणाला, एकेकाला पाणी द्यायचंय. मुलाच्या हातात तीळ घातलेलं पाणी. पणजोबा झाले, आजोबा झाले, आजी झाल्या, गुरुजी झाले. मग त्याने मुंबईला गेलेल्या आपल्या काकांचं नाव सांगितलं. पुरोहिताने गोत्र म्हणायला सुरुवात केली.

“हे नाव घेऊ नका,” मी म्हणालो.

मुलगा वळला. बाबांनीच तर यांचं कार्य केलं होतं, म्हणाला.

“केलं नव्हतं,” मी म्हटलं. “तुझ्या आजीला बरं वाटावं म्हणून तसं सांगितलं होतं. तुझ्या बाबांच्या लेखी तुझे काका आहेत.”

एका सरळ माणसाचं खोटं मी त्याच्या पोरासमोर, त्याच्याच घाटावर उघडं करत होतो. मागची माणसं जागेसाठी खोळंबली होती. मग मुलाने अंगठ्यावरून सोडायचं ते पाणी जपून तांब्यात परत ओतलं.

पुरोहिताने विचारलं, “पुढचं नाव?”