हिवरखेडच्या मेटॅडोरमधली जागा

बडनेऱ्याला गाडी थांबली तेव्हा नुकतं उजाडत होतं आणि थंडीने माझे दात वाजत होते. विदर्भ म्हणजे ऊन, या पुणेरी समजुतीवर विसंबून मी स्वेटर घरीच ठेवला होता. फलाटावरच्या चहावाल्याने मला एकदा न्याहाळलं आणि न मागता दुसरा कप पुढे केला. "घ्या मॅडम, हिवायात (हिवाळ्यात) पुन्याचे लोक असेच येतात," तो म्हणाला.

मी पुण्यात एका कॉलेजात शिकवते आणि संशोधनही करते. विषय सांगितला की नातेवाईक घाईने जेवणाचं विचारतात, म्हणून थोडक्यात सांगते. एखादं सॉफ्टवेअर बनवण्याआधी ते वापरणाऱ्यांना नेमकं काय हवंय, हे विचारून लिहून घ्यावं लागतं. धंद्यातल्या भाषेत त्याला 'रिक्वायरमेंट' म्हणतात. लोक सांगतात एक, लिहिणारा लिहितो दुसरं आणि बनतं तिसरंच. हे असं का होतं, ते जिथे घडतं तिथे जाऊन पाहायचं, हे माझं काम.

अमरावतीत निखिल भेटला. इथलाच, तिशीतला, एका छोट्या कंपनीत प्रोग्राम लिहिणारा. त्याने आधी मला गिलावड्याच्या गाडीवर नेलं. दह्यात बुडालेला तो वडा खाताना त्याने मोबाइलवर आपलं काम दाखवलं. हिवरखेडच्या भाजी आणि फुलं पिकवणाऱ्या बायकांचा एक गट आहे. सगळ्यांचा माल संध्याकाळी एकाच मेटॅडोरमध्ये भरला जातो आणि पहाटेच्या हर्रासीला (लिलावाला) अकोल्याला पोचतो. जागा पुरत नाही, त्यावरून भांडणं होतात. एसटीच्या सीटवर रुमाल टाकावा तशी कोणी सकाळीच रिकामी कॅरेट आणून ठेवतं. म्हणून गटाने ॲप मागितलं होतं. माल घेऊन आलं की ॲप नंबर देणार आणि नंबराप्रमाणे माल चढणार.

"रिक्वायरमेंट पक्क्या आहेत मॅडम," निखिल म्हणाला. "आज संध्याकाळी पहिल्यांदा चालवून पाहू."

अंजनगाव मार्गे अकोटची एसटी धरली. उजव्या हाताला सातपुड्याची निळी रेघ सोबत चालली होती. काळ्या रानात कापूस फुटला होता आणि वेचणाऱ्या बायका ओळीने वाकलेल्या दिसत होत्या. अंजनगाव सुटलं आणि बसचा टायर बसला. सगळे खाली उतरलो. निंबाच्या सावलीत एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझी चौकशी सुरू केली. कुठल्या, कोणाकडे, कशाला. मी जमेल तसं संशोधन समजावलं.

"म्हंजे लोकाईले काय पायजे थे इचारता?"

"हो."

"अन् लोकं खरं सांगतात तुमाले?" एवढं विचारून ते टायर पाहायला निघून गेले.

अकोटला गाडी बदलून हिवरखेडला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. गटाच्या अध्यक्ष मंदाताई फाटकातच उभ्या होत्या. आवाज खणखणीत, पदर कमरेला. "किती वायल्या (वाळल्या) तुमी! पुन्यात जेवाले भेटत नाई काय?" असं स्वागत करून त्यांनी ज्वारीची भाकर आणि मिरचीची भाजी वाढली. मिरची ही इथे तोंडी लावायची गोष्ट नाही, ती रीतसर भाजी असते. दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि मंदाताईंच्या सासूबाई खुदकन हसल्या.

जेवणानंतर ओसरीवर बायका जमल्या. वऱ्हाडी माणूस आडपडदा ठेवत नाही, असं ऐकलं होतं, ते खरं निघालं. निखिलच्या ॲपचा रंग, अक्षरं, त्याचं अजून न झालेलं लग्न, सगळ्यावर तोंडावर मतं आली. मी माझा प्रश्न विचारला. "जागा कमी पडली तर कोणाचा माल आधी चढवता?"

"जिचा आधी आला तिचा," सगळ्या एका सुरात म्हणाल्या. निखिलने माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. इतकं एकमत मी माझ्या उभ्या कारकिर्दीत पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी मारुतीच्या पाराजवळ मेटॅडोर लागली. बायका येत गेल्या, निखिल नंबर देत गेला. वांगी, मेथी, सांभार (कोथिंबीर), केळी. ड्रायव्हर नंबर पुकारून माल चढवत होता. कुठेही भांडण नव्हतं. तरी काहीतरी बिनसलं होतं. बायका गप्प होत्या आणि पुन्हा पुन्हा रस्त्याकडे पाहत होत्या. मंदाताईंनी दोनदा ड्रायव्हरला "थांब ना जरासा" म्हटलं. त्याने मोबाइल दाखवला. "नंबर लागला ना, मावशी."

गाडी गच्च भरली तेव्हा एक बारीक चणीची बाई डोक्यावर आणि काखेत झेंडूची पोती घेऊन लगबगीने आली. ती शोभा. निखिलने तिला शेवटचा नंबर दिला आणि जागा संपल्याचं सांगितलं. शोभा गाडीकडे पाहत राहिली. "आज इतक्या लवकर भरली?"

मंदाताई पुढे झाल्या आणि आपली वांग्याची कॅरेटं खाली ओढू लागल्या.

"कावून (का म्हणून) उतरवता, काकू?" शोभाचा आवाज चढला. "मी मांगतली काय जागा?" तिने पोती पुन्हा डोक्यावर-काखेत घेतली आणि आली तशी निघून गेली. लग्नाचे दिवस, झेंडूला अकोल्यात उठाव होता. दुसऱ्या दिवशी त्या फुलांना कोण विचारणार?

गाडी गेल्यावर मंदाताई पारावर बसल्या आणि मग मला सगळं समजलं. शोभाच्या नवऱ्याला लकवा झाला होता. त्याचं सगळं उरकून, मग फुलं तोडून यायला तिला रोज उशीर व्हायचा. आणि रोज बाकीच्या बायका, आपसात जागेवरून कितीही भांडल्या तरी, आपला माल खाली ठेवून गप्पा मारत बसायच्या. कोणी चहा मागवायची, कोणी गाठोडं सोडून पुन्हा बांधायची. शोभा वळणावर दिसली की मगच सगळ्यांची घाई सुरू व्हायची. तिच्या मालाला जागा नाही, असं कधी झालं नव्हतं.

"दुपारी हे का नाही सांगितलं?" मी जरा रागानेच विचारलं.

"थे सांगाची गोष्ट हाय काय, मॅडम? तोंडातून निघाली का शोभाच्या कानावर गेली. मंग थे आली असती काय?" मंदाताईंनी डोळे पुसले. "आमाले तं भांडनं बंद कराची होती. हे डोक्यातच नाई आलं."

निखिलने सुचवलं की ॲपमध्ये 'अडचण' असं एक बटण ठेवू. ते दाबलं की नंबर आपोआप वर. मंदाताईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मोबाइल खिशात घातला. सकाळी, मी निघायच्या आत, त्याने नंबराची सगळी व्यवस्था काढून टाकली होती. चहा निवायच्या आत झालं ते काम.

अकोटच्या एसटीत शोभा भेटली. कालची फुलं गुजरीत (रोजच्या भाजीबाजारात) मिळेल त्या भावाने विकायला निघाली होती. मी एक पोतं मांडीवर घेतलं. झेंडूचा वास अजून ताजा होता, कडा मात्र मऊ पडल्या होत्या. नंबर काढून टाकल्याचं मी तिला सांगितलं. आज संध्याकाळपासून सगळं पूर्वीसारखं होईल, असंही म्हणाले.

तिने मांडीवरच्या पोत्याचं तोंड आवळून बांधलं. मग म्हणाली, "मले वाटे मी येयेवर (वेळेवर) पोचून राहिली. घरचं सगयं करून बी आपन कोनाच्या मांगं नाई, असं वाटे. लय बरं वाटे, मॅडम."

रिक्वायरमेंट चुकली तर ती दुरुस्त कशी करायची, हे मी वर्गात शिकवते. शोभाला जे कळलं होतं ते दुरुस्त कसं करायचं? अकोटला मी तिची पोती उतरवून दिली. तिने हसून हात केला, आणि त्या हसण्याने मला जास्तच अपराधी वाटलं.

अकोल्याला पोचले तेव्हा गाडीला वेळ होता. वेटिंग रूममध्ये बसून अहवालाची सुरुवात करून पाहिली. लोक काय करतात ते विचारावं, असं आम्ही मानतो. पण माणसं एकमेकांसाठी जे न बोलता करतात, ते विचारलं की मोडतं आणि न विचारता बनवलं तरी मोडतं. मग करायचं काय? मला वाटतं, आधी काही दिवस पारावर नुसतं बसावं. एवढं लिहून थांबले.

दिवेलागणीला मंदाताईंचा फोन आला. मागे मेटॅडोरचं इंजिन घरघरत होतं.

"शोभा आली वं, मॅडम," त्या म्हणाल्या.

"अरे वा! जागा मिळाली ना?"

"भेटली. सगयाईच्या आधी येऊन बसली होती." मंदाताईंचा खणखणीत आवाज खाली आला. "नवऱ्याले दुपारीच जेवू घातलं अन् भायेरून कडी लावून आली."