किंचित मागे कललेली डोलकाठी

चाकणला आमच्या कंपनीत मोबाईल आत नेता येत नाही. गेटजवळच्या लॉकरमध्ये तो ठेवायचा, शिफ्ट करायची आणि बाहेर आल्यावर जगात काय काय झालं ते बघायचं. त्यामुळे दाजी गेल्याची बातमी मला तीन तास उशिरा कळली. पहिली शिफ्ट होती. चहाच्या सुट्टीच्या जरा आधी सुपरवायझर स्वतः माझ्या टेबलाशी आला, तेव्हा मला वाटलं, पुन्हा एखादा लॉट परत आला. तो म्हणाला, ऑफिसात घरून फोन आलाय, तुमचे दाजी... आणि थांबला. मी हातातला पीस ट्रेमध्ये ठेवला, मापं घ्यायचा वर्निअर पुसून डबीत घातला आणि मगच उठलो. माणूस गेल्याचं ऐकून आधी वर्निअर पुसणारा माणूस आहे मी. ही सवय लावणारेही दाजीच. चाकण चौकापासून मोशीपर्यंत कंटेनरच्या रांगा रोजच्यासारख्याच उभ्या होत्या, आकुर्डीला पोचायला दीड तास लागला. वाटेत रडू आलं नाही, फक्त थकवा आला. दोन महिने होत आले, तो अजून उतरलेला नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये त्यांनी पस्तीस वर्षं काढली. बारावीनंतर मी लातूरकडे गावात नुसता उंडारत होतो, तेव्हा त्यांनीच मला इथे आणलं, आयटीआयला घातलं, आणि आकुर्डीच्या त्या दोन खोल्यांतल्या बाहेरच्या खोलीत माझी वळकटी पडली ती लग्न होईपर्यंत. वर्निअर वाचायला मला आयटीआयने नाही, त्यांनी शिकवलं. रविवारी दुपारी जेवण झालं की घरातल्या वस्तू समोर ठेवायचे... चमचा, ताईची बांगडी, कपाटाची किल्ली... आणि मापं घ्यायला लावायचे. एक दशांश चुकलं तरी बोलायचे नाहीत, वस्तू तेवढी परत समोर सरकवायचे. आपलं चुकलंय हे आपणच शोधायचं, अशी त्यांची पद्धत. मला तेव्हा तिचा भयंकर राग यायचा. रागावले असते तर एकदाचं संपलं तरी असतं. पुढे मी चाकणला क्वालिटीत लागलो, इन्स्पेक्टर झालो, तेव्हा पेढ्याचा बॉक्स हातात घेऊन ते म्हणाले होते, आता आमच्यासारख्यांना रिजेक्ट करणार तू.

निवृत्तीनंतर माणसं फिरायला जातात, नातवंडं सांभाळतात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडतात. दाजींनी जहाज बांधायला घेतलं. त्याला कारण त्यांचे थोरले भाऊ, आमचे अण्णा. अण्णा नौदलात इंजिनरूममध्ये होते, उमेदीची अकरा वर्षं त्यांनी एकाच युद्धनौकेवर काढली. आता ते तळेगावला असतात. ती नौका निवृत्त झाली आणि तोडायला नेली, हे त्यांना कुठूनतरी कळलं. त्या दिवशी ते लोकलने आकुर्डीला आले, खुर्चीत बसले आणि ताईने वाढलेल्या ताटाला त्यांनी हात लावला नाही. मी तिथेच होतो. दाजी एवढंच म्हणाले, मग बनवू की आपण एक. मला वाटलं, समजूत घालायची म्हणून म्हणाले असतील.

पण दाजी बोललेलं विसरत नसत. आपल्या जहाजांचे किट बाजारात मिळत नाहीत म्हणताना त्याच घराण्यातल्या एका परदेशी जहाजाचा प्लास्टिकचा किट त्यांनी मागवला आणि अण्णांना फोन करकरून तो बदलत नेला. साडेतीनशेपट लहान जहाज, वीतभर-सव्वावीत लांब असेल. सांगाडा, तोफा, रंग हे सगळं वर्षभरात झालं. खरं काम त्याच्यापुढचं होतं. कठड्याच्या पितळी जाळ्या, नखाएवढ्या शिड्या, आणि डोलकाठीपासून पुढे-मागे जाणाऱ्या तारा. एरियलच्या, झेंड्यांच्या दोऱ्यांच्या, डोलकाठीला ताण देणाऱ्या. त्या तारा ते स्वतः काढायचे. किटची उरलेली प्लास्टिकची काडी मेणबत्तीवर फिरवायची, मऊ पडली की ज्योतीबाहेर घ्यायची आणि दोन्ही हातांनी एका दमात ओढायची. केसाहून बारीक तार निघते. ती तुकडा तुकडा कापून, सुईच्या टोकावर गोंदाचा ठिपका घेऊन चिकटवायची. तेवढा वेळ पंखा बंद. भर उन्हाळ्यात पंखा बंद करून बसलेल्या नवऱ्यावर कोणती बायको खूश असेल... ताई पदराने वारा घेत स्वयंपाकघरातून जे काही बोलायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चिकटवलेली तार नेहमी थोडी झोळ घेते. तो झोळ काढायला दाजी अगरबत्ती वापरायचे. पेटलेलं टोक तारेच्या खाली न्यायचं, त्या उबेने तार आकसते आणि ताठ होते. अंतर जरा कमी झालं की तार वितळून तुटते. या अगरबत्त्या ते बुद्धमूर्तीपुढून उचलायचे. ताई वंदना करून स्वयंपाकघरात वळली की अर्धी जळलेली अगरबत्ती गायब. तिने वेगळा पुडा आणून दिला, तरी यांचा हात मूर्तीपुढच्याच अगरबत्तीकडे जायचा. आयती पेटलेली मिळते, असं त्यांचं म्हणणं. मी एकदा हौसेने करून बघितलं आणि पहिलीच तार तोडली. दाजी चिडले नाहीत. म्हणाले, “गडबड कशाला करायलास? जवळ न्यायची, टेकवायची नाही. तिचं तिला कळतं कधी ताणायचं.” मग त्यांनी नवीन तार माझ्या पुढ्यात सरकवली, बांगडी आणि किल्ली सरकवायचे तशीच.

आता जे लिहिणार आहे ते लिहायचं नव्हतं. पण ते टाळून दाजींवर लिहिणं मला जमत नाही.

गेल्या वर्षी माझ्या हातून पास झालेला एक लॉट ग्राहकाकडून परत आला. भोकं मापाबाहेर होती आणि ती मी तपासली होती. नोकरी गेली नाही, पण माझ्या सहीवर दुसरी सही लागायला लागली, तीही माझ्याहून वीस वर्षांनी लहान मुलीची. ती बिचारी दरवेळी सॉरी सर म्हणून सही करायची. डोळ्यांचा नंबर तपासून घेतला, तो बदललेला नव्हता. मग चुकलं कुठे, हे मला अजून सांगता येत नाही. त्या दिवसांत मी घरी कुणाशी धड बोलत नव्हतो. एका रविवारी ताईने जेवायला बोलावलं म्हणून गेलो. जहाज टेबलावर होतं, तारांचं काम जवळजवळ संपलं होतं, तीन महिन्यांची मेहनत. मी बघत राहिलो आणि मला डोलकाठी खटकली. खिशात छोटा गुण्या होता. आमच्या धंद्यातल्या माणसाच्या खिशात काटकोन बघायचं काहीतरी असतंच. मी तो डेकवर हळूच टेकवून डोलकाठीला लावला. डोलकाठी मागच्या बाजूला कललेली होती. किंचित, पण मापाने बघणाऱ्याला दिसेल इतकी. मी म्हणालो, “दाजी, तुमची डोलकाठी रिजेक्ट.” कितीतरी दिवसांनी मी हसलो असेन. त्यांनी चष्मा वर केला, गुण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. “खरंच की रे,” एवढंच म्हणाले. जेवताना त्यांनी ताईला दोनदा सांगितलं, संजूने चूक पकडली म्हणून. त्या दिवशी मी पोटभर जेवलो. परत जाताना मोशीच्या सिग्नलला उभा असताना मी शिट्टी वाजवत होतो, हे मला नीट आठवतं.

तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो तर जहाजावर एकही तार नव्हती. सगळ्या कापलेल्या. डोलकाठी काढून परत बसवलेली, एकदम काटकोनात. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. एवढ्या मोठ्या कारागिराने माझा शब्द मानला होता. तारा परत करतो हळूहळू, म्हणाले. नंतर त्यांचे हात थरथरायला लागले. एक तार लावायला आठवडा जायचा आणि ती तुटायची. पुढे ते टेबलाशी नुसते बसायचे, पंखा बंद करून. आणि मग ती चाकणची सकाळ... हार्ट, दहा मिनिटांत, ताईच्या समोर.

दाजींच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला अण्णा आले होते, पण जहाजाच्या खोलीत गेले नाहीत. महिन्याभराने परत आले ते जहाज न्यायला. ताईनेच बोलावलं होतं. मी त्यांना आकुर्डी स्टेशनवरून स्कूटरवर घेऊन आलो. अण्णांना आता लांबचं दिसतं, जवळचं दिसत नाही. ते दारातच थांबले आणि टेबलाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “हे आमचं नाही.”

मला वाटलं, म्हातारपण. मी म्हटलं, अण्णा, तुमचंच आहे, दाजींनी दोन वर्षं केलंय. ते म्हणाले, आमची डोलकाठी मागे कललेली होती. कधीतरी एका वादळात कलली, नंतर दुरुस्ती-दुरुस्ती म्हणत राहून गेली ती गेलीच. बंदरात चार जहाजं एका रांगेत असली तरी रजेवरून परत येणारी पोरं लांबूनच आमचं जहाज ओळखायची, त्या कललेल्या डोलकाठीवरून. “त्याला मी सांगितलं होतं की. किती कलली होती ते फोनवर चार वेळा विचारलं त्यानं.”

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला माहीत होतं. ती मग सांगत गेली, माझ्याकडे न बघता. त्या रविवारी मी गेल्यावर ती त्यांना म्हणाली होती, अहो, संजूला अण्णांचं सांगायचं ना, तो उगाच चूक समजून गेला. तर दाजी म्हणाले होते, कंपनीत त्याच्या डोळ्यांवर आता कुणाचा भरवसा राहिला नाही. घरी येऊन एक चूक पकडतो आणि हसतो, त्याला काय सांगू, हेही चुकलास म्हणून? तो सावरला की परत कलवतो डोलकाठी, अण्णाला कुठे घाई आहे... आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बसून त्यांनी स्वतःच्या हाताने सगळ्या तारा कापल्या. कापताना बडबडत होते का, मी विचारलं. नाही, ताई म्हणाली, पंखा बंद होता आणि गप्प होते.

आयुष्यभर चूक माझ्यापुढे सरकवून मला शोधायला लावणारे दाजी एकदाच खोटं बोलले. मला ते पकडता आलं नाही. तीन महिन्यांचं काम, हातात शेवटचं बळ होतं तेव्हाचं, त्यांनी माझ्या एका हसण्यासाठी कापून टाकलं. मला त्यांचा राग येतो. माणसाला न विचारता त्याच्यासाठी एवढं करू नये. त्याला नंतर ते फेडायलाही कुणी उरत नाही.

अण्णा त्या दिवशी जहाज घेऊन गेले नाहीत. म्हणाले, आधी आमचं करून दे. मी नाही म्हणू शकलो नाही. पुढच्या रविवारी गुण्या मुद्दामच चाकणच्या लॉकरमध्ये ठेवून आलो. डोलकाठीच्या बुडाचा गोंद ब्लेडने सोडवला आणि अण्णांना खोलीच्या दारात उभं केलं. मी टेबलाशी, ते दारात. मागे, अजून मागे, नाही रे एवढी नाही... असं सांगत गेले. माप असं काही नव्हतंच. एका क्षणी ते बोलायचे थांबले. मी वळून बघितलं तर त्यांनी नुसती मान हलवली. मी तसाच हात धरून ठेवला, गोंद सुकेपर्यंत. नंतर ते खुर्चीत येऊन बसले आणि ताईने आणलेल्या ताटातलं सगळं जेवले.

तारा मात्र अजून मलाच लावायच्या आहेत. आजपर्यंत तीन झाल्या, बारा राहिल्या. रविवारी कंबर मोडलेली असते, शिफ्टचं वेळापत्रक असं की शनिवारची रात्र कधी संपते ते कळत नाही, आणि माझा हात दाजींसारखा नाही. पाच तोडल्या तेव्हा तीन जमल्या. तरी जातो. दाराशी चप्पल काढली की ताई उठते आणि पंखा बंद करते. मूर्तीच्या शेजारी आता दाजींचा फोटो आहे, रोज सकाळी तिथे अगरबत्ती लागते. रविवारी मात्र ती अर्धी जळली की ताई विझवून ठेवते आणि मी बसलो की पेटवून माझ्या हातात देते. पुडा भरलेला असतो, पण ती तीच अर्धी देते.