अण्णांच्या जखमेतले जिवाणू

सुषमा, मी देगलूरहून हैदराबादच्या बसमध्ये चढले तेव्हा तू आईला बिलगून उभी होतीस. अण्णा खिडकीशी येऊन म्हणाले, "शिक्षण पुरं झाल्याबिगर परत येऊ नको." शिक्षण झालं, नोकरी लागली, हैदराबादेतच अंबरपेठेत घर झालं. परतायचं राहूनच गेलं.

अण्णा आजारी पडले तेव्हा तू ओली बाळंतीण होतीस, म्हणून सगळं तुला कुणी सांगितलं नाही. आता सांगते.

औषधांना न जुमानणारे जिवाणू आम्ही प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवतो आणि त्यांच्यावर वनस्पतींचा अर्क अन् जुनं अँटिबायोटिक एकत्र टाकून बघतो. नुसत्या औषधाला ते दाद देत नाहीत. दारुहळदीच्या अर्काची जोड मिळाली की कधी कधी तेच औषध पुन्हा लागू पडतं.

अण्णांना शुगर होतीच. पायाची जखम चिघळली म्हणून त्यांना आईसोबत इकडे आणलं. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "कौनसी भी दवा काम नहीं कर री, मॅडम." पाय कापला, तरी विष अंगात पसरत गेलं.

परवानगी काढून त्यांच्या जखमेतले जिवाणू आमच्याकडे तपासायला घेतले. बशी मीच उघडली. अर्क आणि औषधाच्या ठिपक्याभोवती स्वच्छ गोल उमटला होता. तिथे एकही जिवाणू वाढला नव्हता.

अण्णांना सांगितलं तर ते उशीवरून उठू लागले. "मंग दे की मला!"

"अण्णा, हे बशीतलं झालं. तेवढा अर्क रक्तात गेला तर किडनी सोसेल का, कुणालाच माहीत नाही. माणसांवर अजून तपासलेलं नाही."

ते पुन्हा उशीवर टेकले. मग हळू आवाजात म्हणाले, "दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येईल. सोडू नको हे."

त्याच आठवड्यात ते गेले. मी काम सोडलेलं नाही. पण बशीत तसा गोल दिसला की आनंद होत नाही गं.

सगळं उरकल्यावर आईला म्हटलं, चल, देगलूरला सोडते. हे शहर तिला कधीच मानवलं नव्हतं. ती म्हणाली, "त्यांना हितं ठेवून मी एकली कशी जाऊ?"

आता ती शेजारणीशी मोडकंतोडकं तेलुगू बोलते. परवा कुणीतरी गाव विचारलं. मी देगलूर म्हणणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "अंबरपेठ."

बाळाला घेऊन ये, सुषमा. तुझं माहेर आता इकडं आलंय.