सत्ताविसावा प्रश्न

हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही, आणि त्याला माझ्या बारीकसारीक सगळ्या खोड्या ठाऊक आहेत. आईला सांगायचं ठरवलं होतं एकदा – ती जाईपर्यंत धीर झाला नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हाही भित्रेपणाच, नाही का?

मी रत्नागिरीत एका वकिलांकडे काम करते. सातेक वर्षांपूर्वी साहेबांनी दस्त तयार करायचं सॉफ्टवेअर घेतलं आणि ते लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं. दस्ताचं टेम्प्लेट एकदा बनवायचं, त्यात रकाने ठेवायचे, प्रत्येक रकान्याला एक प्रश्न. समोरच्याला प्रश्न विचारत जायचं, उत्तरं भरायची, शेवटी बटण दाबलं की अख्खा दस्त तयार. पहिलं टेम्प्लेट मी केलं ते हक्कसोड पत्राचं. आमच्याकडे तेच जास्त लागतं – वडील गेले की बहिणी येतात, भावाच्या नावे आपला हिस्सा सोडतात, साडी घेऊन, जेवून परत जातात. का सोडता, असं कुणी विचारत नाही. माहेर तुटू नये म्हणून सोडतात, हे सगळ्यांना माहीत असतं.

एकतीस प्रश्न होते. सत्ताविसावा माझ्या स्वतःच्या डोक्यातून आलेला – 'हिस्सा सोडताना स्वतःसाठी काही राखून ठेवायचं आहे का? राहण्याचा हक्क, आंब्याचं एखादं कलम, वाट?' काय अभिमान वाटायचा मला त्याचा!

पण तो विचारला की गडबड व्हायची. बहीण भावाकडे बघायची, भाऊ चपलांकडे. मग 'जरा बाहेर बोलून येतो' – आणि बाहेर आवाज चढायचे. नोंदणीची वेळ हुकायची, सगळे माझ्यावर डाफरायचे. एका भावाने तर मला 'घर फोडणारी बाई' म्हटलं. साहेबांनीच तो प्रश्न काढायला सांगितला, असं मी स्वतःला कितीदा पटवून पाहिलं! ते तसं म्हणाले नव्हते. एका दुपारी मीच तो रकाना पडद्यावरून लपवला आणि त्यात आपोआप भरलं जाणारं उत्तर ठेवलं – 'नाही'. तेव्हापासून प्रत्येक हक्कसोड पत्रात एक वाक्य छापून येतं, 'मी स्वतःसाठी कोणताही हक्क राखून ठेवलेला नाही.' न विचारता, त्या बाईच्या तोंडी.

एवढंच असतं तर कदाचित मी गप्पच बसले असते. पण शेवंतीताई आहे.

शेवंतीताई मूळची नाटे गावची. तीस वर्षं मुंबईत लोकांच्या घरी स्वयंपाक केला. नवरा नाही, मूल नाही. भावाला जुनं घर पाडून नवं बांधायचं होतं, म्हणून हक्कसोड. तिला एकच हवं होतं – म्हातारपणी टेकायला नव्या घराच्या पडवीतली खोली. भावाची ना नव्हती, निदान त्या दिवशी तरी. सहीला बसण्याआधी तिने मला हळूच विचारलं, "माज्या खोलीचा लिवलंस ना गो बाय?"

लिहिलेलं नव्हतं. रकाना उघडायचा, चार शब्द भरायचे, दस्त पुन्हा छापायचा – दहा मिनिटांचं काम. पण साहेब शेजारीच उभे होते. रकाना मुळात का लपवलास, हे त्यांनी विचारलं असतं. त्या दहा मिनिटांना मी घाबरले. मी म्हटलं, "हो, आहे त्यात सगळं." तिने विश्वासाने सही केली.

दोन वर्षांनी ती कायमची गावी आली. नवं घर उभं होतं, पण भावजयीने दस्त पुढे केला – तुमचा काही संबंध नाही, तुमच्याच सहीचा कागद आहे. ताई तो दस्त पिशवीत घालून माझ्याकडे आली. माझ्याकडेच, कारण मी ओळखीची. मी ते वाक्य वाचून दाखवलं.

"ह्या मी कदी बोलले गो?"

अजूनही वेळ गेलेली नव्हती, कळतंय ना तुम्हाला? खरं सांगितलं असतं तर तिला कोर्टात जाता आलं असतं. मी म्हटलं, "विचारलं होतं की, ताई. तुम्हीच नाही म्हणालात."

ती कितीतरी वेळ आठवत बसली. मग म्हणाली, "आसल. माजाच डोका ठिकान्यावर नसल त्या दिवशी." वर मला त्रास दिला म्हणून माफी मागितली – आणि मी ती मागू दिली. तिला पाणी दिलं, परतीच्या एसटीची वेळ सांगितली. आता ती सावर्ड्याला चुलतबहिणीच्या ओटीवर राहते.

रकाना अजून लपलेलाच आहे. उघडायला एक टिचकी पुरे. पण सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहते – कुणी केला, कधी केला. तिथे माझं नाव आहे. नोकरी सोडू म्हटलं, तर माझ्या जागी येणारी पहिल्याच आठवड्यात ते बघेल. म्हणून सोडतही नाही. दर आठवड्याला कुणाची तरी बहीण समोर येऊन बसते, मी सव्वीस प्रश्न विचारते आणि अठ्ठाविसाव्यावर उडी मारते. साहेब लोकांना सांगतात, हिच्यासारखं चोख काम कुणाचं नाही.

आणखी एक राहिलं. असा दस्त रद्द करून मागायला मुदत असते – कळल्यापासून तीन वर्षं. कायद्याच्या ऑफिसात बसते, मला हे ठाऊक नसणार का? ताई दस्त घेऊन माझ्याकडे आली त्या दिवसापासून तीन वर्षं मी मोजत होते. तिला कुणीतरी शहाणं भेटेल, नोटीस येईल, मला साक्षीला बोलावतील – पोस्टमन दिसला की टपाल घ्यायला आधी मीच पुढे व्हायचे. नोटीस आली नाही. गेल्या महिन्यात मुदत संपली. त्या संध्याकाळी मी बाजारातून बांगडे घेतले, घरी तळले, पोटभर जेवले. मला हायसं वाटलं होतं.