पाचवं वाक्य

माझी शाळा आठवीत सुटली. नवऱ्याच्या नोकरीपायी अमेरिकेत बेलव्ह्यूला आले, तेव्हा इंग्रजीच्या धास्तीनं महिनाभर बेल वाजली तरी दार उघडत नव्हते. मग शेजारणीनं मला इथल्या मूळ रहिवाशांच्या समाजमंदिरात नेलं, स्वयंपाकाच्या मदतीला. बटाटे सोलायला इंग्रजी लागत नाही. त्या लोकांनी मला कधी काही विचारलं नाही, फक्त सुरी दिली. तो उपकार मी विसरणार नाही.

तिथं पंचाहत्तरी उलटलेल्या एक बाई होत्या. मी त्यांना मावशीच म्हणे. लहानपणी सरकारनं त्यांना घरातून उचलून वसतिशाळेत टाकलं होतं. आपल्या भाषेत बोललं की छडी. तीच भाषा आता त्या नातींच्या शेजारी बसून शिकत होत्या. वसंतातल्या जेवणावळीत सगळ्यांसमोर चार वाक्यं बोलायची होती : मी कोण, कुणाची, कुठल्या नदीकाठची, आणि मी परत आले.

सराव माझ्यासमोर चाले.

"माझ्याचसमोर का, मावशी?" मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं.

"नातींना चुका कळतात. तुला काय कळतंय!"

दोन महिन्यांत वाक्यं मलाच पाठ झाली.

जेवणावळीच्या दिवशी मावशी उभ्या राहिल्या. दोन वाक्यं झाली. तिसऱ्याला अडकल्या, आणि छडी चुकवायला शिकलेले हात आपोआप पाठीमागे गेले.

आमच्याकडे नवरी उखाण्यात अडकली, की मागच्या बायका पुढचं पुरवतात. तीच खोड! स्वयंपाकघराच्या दारातून मी तिसरं वाक्य मोठ्यानं म्हणून टाकलं.

सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. मेले, म्हटलं. एवढ्या मारातून वाचलेली यांची भाषा, आणि मी कोण परकी त्यात तोंड घालणारी?

मावशी वळल्या. "बघा गं," नातींना म्हणाल्या, "बटाटेवालीला येतं, आणि मला नाही!"

हशा झाला. मावशींचे हात पुढे आले. तिसरं झालं, चौथं झालं. टाळ्या पडणार, तोच पाचवं निघालं. हे सरावात नव्हतंच. मावशी स्वतःच दचकल्या. नातींना कळेना. समोरच्या दोन म्हाताऱ्या मात्र डोळे पुसत, हसत उठल्या आणि ताटं घेऊन थेट माझ्याकडे आल्या.

"काय म्हणाल्या त्या?" मी भीतभीत विचारलं.

"आमच्या आया अशीच हाक मारायच्या. 'पोरींनो, जेवायला या.'" त्यातल्या एकीनं सांगितलं.

मासे अजून ओव्हनमध्येच होते!

"टेन मिनिट्स, मावशी!" मी ओरडले.

"सत्तर वर्षं थांबलेय," मावशी म्हणाल्या, "घे दहा मिनिटं."